जुनं व्हीबी-६ सॉफ्टवेअर विंडोज ११ वर: डेटाबेसचे न सापडणारे भाग कसे शोधायचे आणि कसे बसवायचे

पतसंस्थेची खतावणी, सोसायटीची मेंटेनन्सची बिलं, औषधाच्या दुकानातला स्टॉक, शाळेच्या फीच्या पावत्या. तालुक्याच्या गावातल्या प्रोग्रामरकडून पंधरा-वीस वर्षांपूर्वी करून घेतलेली अशी सॉफ्टवेअर्स अजून रोजच्या वापरात आहेत. पुष्कळांचा साचाही एकच: व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला प्रोग्राम, शेजारी एक एमडीबी (ॲक्सेस डेटाबेसची) फाइल, आणि छपाईला क्रिस्टल रिपोर्ट्स. नवा कॉम्प्युटर येतो, जुन्यावरचं फोल्डर पेन ड्राइव्हने उतरवलं जातं, आयकॉनवर डबल क्लिक होतं आणि एररची खिडकी उभी राहते.

ती पाहून कुणालाही वाटतं, नव्या विंडोजमध्ये डेटाबेसचा भाग काढूनच टाकलाय. बहुतेक वेळा तो असतो. एमडीबी वाचणारं इंजिन म्हणजे जेट ४.०, त्याच्याशी बोलणारे दुवे म्हणजे एडीओ आणि डीएओ ३.६, आणि व्हीबी-६ चे प्रोग्राम चालवणारं रनटाइम, हे चारही भाग विंडोज ११ सोबतच येतात. मात्र जेट आणि डीएओ ३.६ फक्त ३२-बिटच्या बाजूला असतात, आणि शोध ६४-बिटच्या बाजूला चाललेला असतो. म्हणून काहीही इन्स्टॉल करण्याआधी नेमकं काय सापडत नाही ते ठरवायचं. डीएलएलचं (प्रोग्रामला लागणाऱ्या मदतनीस फाइलचं) नाव गूगलवर टाकून कुठल्यातरी अनोळखी साइटवरून फाइल उतरवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. आवृत्ती भलतीच मिळते, आणि तिच्याबरोबर काय येईल याचा भरवसा नसतो.

खाली फाइलींची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरायचे.

## जुनं मशीन फॉर्मॅट करण्याआधी

जुना कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल तर त्याच्यावर अर्धा दिवस खर्च करा. पुढचे चार दिवस वाचतात.

पहिलं काम, पूर्ण डिस्कची प्रत. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं डिस्क२व्हीएचडी हे छोटं मोफत साधन चालू मशीनची व्हीएचडी फाइल करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतं. अगदी जुन्या एक्सपीवर साधनाची आजची आवृत्ती चालली नाही, तर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या मशीनवरून तिची इमेज करा. मागाहून एखादी डीएलएल, एखादा फॉन्ट किंवा रजिस्ट्रीतली एखादी नोंद हवी झाली की या प्रतीतून काढता येते.

दुसरं, प्रोग्रामचं अख्खं फोल्डर. त्यात आयएनआय (सेटिंगच्या) फाइली, आरपीटी (क्रिस्टल रिपोर्टच्या) फाइली, आणि असेल तर एमडीडब्ल्यू फाइल याव्यात. एमडीडब्ल्यू म्हणजे ॲक्सेसची युजर-पासवर्डची फाइल. ती राहून गेली की प्रोग्राम ३०२८ क्रमांकाची एरर देतो आणि लोक विनाकारण एमडीबीला दोष देत बसतात. एमडीबी कॉपी करताना तिच्याशेजारी त्याच नावाची एलडीबी फाइल दिसत असेल तर कुणीतरी प्रोग्राम उघडा ठेवलाय. सगळीकडे बंद करा, मगच कॉपी करा.

तिसरं, मूळ सीडी किंवा सेटअपचं फोल्डर. व्हीबी-६ च्या पॅकेजिंग विझार्डने केलेल्या सेटअपमध्ये सेटअप.एलएसटी नावाची साधी मजकुराची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा. प्रोग्रामला लागणाऱ्या फाइलींची यादी, प्रत्येकीची आवृत्ती, ती कुठे ठेवायची आणि तिला रजिस्टर करायचं का, हे सगळं तिथे ओळीओळीने लिहिलेलं असतं. ज्या ओळीत ‘डीएलएलसेल्फरजिस्टर’ हा शब्द आहे ती फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. फाइली स्वतः शेजारच्या कॅब फाइलीत असतात, आणि ७-झिपने ती उघडता येते.

या यादीच्या सुरुवातीला ‘बूटस्ट्रॅप फाइल्स’ असा भाग असतो. त्यात ओएलईएयूटी३२, एमएसव्हीबीव्हीएम६०, कॉमकॅट, एसटीडीओएलई२ वगैरे नावं दिसतील. त्यांना हात लावू नका. त्या विंडोजच्या स्वतःच्या आहेत आणि विंडोज ११ मध्ये नव्या आवृत्तीत आहेत. तिथेच कुठेतरी एमडीएसी_टाइप नावाचा, डेटाबेस-जोडणीचे भाग बसवणारा इन्स्टॉलरही सापडेल. तोही चालवायचा नाही. विंडोज व्हिस्टापासून हे सगळे भाग विंडोजच्या पोटात गेले आहेत, आणि जुना एमडीएसी त्यांच्यावर बसवायचा प्रयत्न निष्फळ तरी ठरतो किंवा मोडतोड तरी करतो. मूळ सेटअप.ईएक्सई जशीच्या तशी चालवण्याऐवजी यादी बघून हव्या तेवढ्याच फाइली हाताने बसवणं म्हणून जास्त सुरक्षित.

चौथं, चार गोष्टी कागदावर टिपून घ्या: प्रोग्राम कोणत्या ड्राइव्हवर कोणत्या फोल्डरात होता, कंट्रोल पॅनलमधली तारखेची मांडणी, ओडीबीसीमध्ये (विंडोजच्या डेटाबेस-जोडणीच्या सोयीत) डीएसएन म्हणजे जोडणीची नोंद असल्यास त्याचं नाव आणि ड्रायव्हर, आणि प्रिंटरचं पोर्ट. फोल्डरचा पत्ता का, ते क्रिस्टल रिपोर्ट्सपाशी कळेल.

## दोन खोल्या, उलट्या पाट्या

६४-बिट विंडोजमध्ये डीएलएलच्या दोन खोल्या आहेत आणि त्यांवरच्या पाट्या उलट लागल्यासारख्या वाटतात. सिस्टम३२ या फोल्डरात ६४-बिटच्या फाइली, सिसवॉव६४ या फोल्डरात ३२-बिटच्या. ३२-बिटचा प्रोग्राम जेव्हा सिस्टम३२ मध्ये काही मागतो तेव्हा विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ कडे वळवतं. रजिस्ट्रीतही असंच आहे. ३२-बिट प्रोग्रामच्या नोंदी वॉव६४३२नोड या शाखेखाली जातात.

व्हीबी-६ फक्त ३२-बिटचे प्रोग्राम बनवतं. त्यामुळे ओसीएक्स (फॉर्मवरच्या कंट्रोलची फाइल) असो, डीएलएल असो, ओडीबीसी ड्रायव्हर असो, सगळं ३२-बिटचंच लागतं आणि सिसवॉव६४ मध्ये लागतं. जुन्या पुस्तिकेत ‘सिस्टम३२ मध्ये टाका’ असं लिहिलेलं असतं म्हणून फाइल एक्सप्लोररने तिथे टाकली जाते. डोळ्यांना ती दिसते, प्रोग्रामला दिसत नाही. ‘फाइल तर आहे, तरी मिसिंग म्हणतोय’ या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

## एरर वाचायची कशी

३३९, किंवा ‘कॉम्पोनंट ... नॉट करेक्टली रजिस्टर्ड’. यात ओसीएक्सचं नाव दिलेलं असतं: एमएसकॉमसीटीएल, एमएसकॉमसीटी२, कॉमडीएलजी३२, एमएसएफएलएक्सजीआरडी, एमएसडीएटीजीआरडी, एमएसएडीओडीसी, टॅबसीटीएल३२ यांपैकी एखादं. ही फॉर्मवरची यादी, तक्ता, टॅब अशी कंट्रोल्स आहेत. ती विंडोजसोबत येत नाहीत, म्हणून इथे खरोखरच फाइल आणावी लागते. यादीतली एक बसवली की दुसरीची एरर येणार हे गृहीत धरा आणि सेटअप.एलएसटी बघून सगळ्या एकदमच बसवा.

४२९, ‘ॲक्टिव्हएक्स कॉम्पोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट’. नाव दिलेलं नसतं, म्हणून त्रासदायक. लॉगिनच्या आधीच आली तर संशय डीएओवर घ्यायचा. एखाद्या विशिष्ट बटणावर आली तर त्या बटणामागे एक्सेल, वर्ड किंवा रिपोर्टचं इंजिन असू शकतं.

३७०६, ‘प्रोव्हायडर कॅनॉट बी फाउंड’. कनेक्शनच्या ओळीत दिलेला ओएलई-डीबी प्रोव्हायडर (डेटाबेसशी जोडणारा भाग) सापडला नाही. जेट की एसीई (ॲक्सेसचं जेटनंतरचं इंजिन), हे आधी ठरवावं लागतं.

आयएम००२, ओडीबीसीचं डीएसएन सापडलं नाही. याच्याच भावकीतली दुसरी एरर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असं म्हणते. दोन्ही वेळा डीएसएन ६४-बिटच्या बाजूला बनवलेलं असण्याची शक्यता मोठी. ओडीबीसीची खिडकी उघडणारी ओडीबीसीएडी३२ ही फाइल दोन्ही फोल्डरांत याच नावाने असते. आपल्याला सिसवॉव६४ मधली उघडायची. सिस्टम डीएसएन बनवताना ड्रायव्हरच्या यादीत एमडीबीसाठीचा ॲक्सेस ड्रायव्हर दिसला की बाजू बरोबर आहे.

३३४३, ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’. दोन अगदी वेगळी कारणं. एक, फाइल खराब झाली आहे. दोन, इंजिन जुनं आणि फाइल नवी. व्हीबी-६ चं मूळ डेटा कंट्रोल डीएओ ३.५१ वापरतं, आणि त्याला ॲक्सेस २००० ची फाइल वाचताच येत नाही. फाइल कोणत्या पिढीची हे पाहायला तिची प्रत कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये उघडा. सुरुवातीला ‘स्टँडर्ड जेट डीबी’ अशी अक्षरं दिसतील. हेक्समधला १४ क्रमांकाचा बाइट ०० असेल तर ॲक्सेस ९७ ची फाइल, ०१ असेल तर ॲक्सेस २००० ते २००३ ची.

३०५१, फाइल दुसऱ्या कुणी अडवली आहे किंवा परवानगी नाही. नव्या मशीनवर बहुधा परवानगीच.

## जेट आहे की नाही, पाच मिनिटांत

१. सी: ड्राइव्हवर ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर करून नोटपॅडमध्ये रिकामी फाइल ‘टेस्ट.यूडीएल’ या नावाने तिथे ठेवा (यूडीएल फाइल उघडली की डेटाबेसची जोडणी तपासायची खिडकी येते). नोटपॅड शेवटी .टीएक्सटी चिकटवणार नाही याची काळजी घ्या.

२. तिच्यावर थेट डबल क्लिक करू नका, कारण त्याने ६४-बिटची खिडकी उघडते आणि तिथे जेट कधीच दिसणार नाही. जेट ४.० चा ६४-बिट अवतार मायक्रोसॉफ्टने काढलाच नाही. त्याऐवजी सिसवॉव६४ मधली सीएमडी.ईएक्सई चालवा आणि त्या काळ्या खिडकीत यूडीएल फाइलचा पूर्ण पत्ता टाइप करून एंटर दाबा.

३. उघडलेल्या खिडकीच्या पहिल्या टॅबवर ‘मायक्रोसॉफ्ट जेट ४.० ओएलई डीबी प्रोव्हायडर’ निवडा. पुढच्या टॅबवर एमडीबीच्या प्रतीचा पत्ता द्या, युजर ‘ॲडमिन’, पासवर्ड रिकामा, आणि ‘टेस्ट कनेक्शन’. फाइलला डेटाबेस पासवर्ड असेल तर तो इथे न देता शेवटच्या ‘ऑल’ टॅबवरच्या ‘जेट ओएलईडीबी: डेटाबेस पासवर्ड’ या ओळीत द्यायचा.

जोडणी झाली तर जेट ठणठणीत आहे आणि दोष प्रोग्रामच्या रचनेत किंवा पत्त्यात शोधायचा. प्रोव्हायडर यादीतच नसेल तर सिसवॉव६४ मध्ये एमएसजेट४० आणि एमएसजेटओएलईडीबी४० या डीएलएल आहेत का पाहा. असतील तर दुसरी पुन्हा रजिस्टर करा. नसतील किंवा खराब असतील तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ चालवून विंडोजलाच त्या परत आणू द्या.

## ओसीएक्स आणि डीएओ रजिस्टर करणं

स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उजवं क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. फाइल सिसवॉव६४ मध्ये ठेवा. मग सिसवॉव६४ मधल्या रेगएसव्हीआर३२ चा पूर्ण पत्ता, एक जागा सोडून ओसीएक्सचा पूर्ण पत्ता. पत्त्यात रिकामी जागा असेल तर दुहेरी अवतरणचिन्हांत. ‘सक्सीडेड’ अशी खिडकी आली की झालं.

नाही आली तर तिचा मजकूर बघा. ०एक्स८००२८०१सी हा कोड म्हणजे कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला नाही. ‘स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’ म्हणजे पत्ता चुकला, किंवा ही फाइल आणखी एका फाइलवर अवलंबून आहे आणि ती नाही. ‘एंट्री पॉइंट नॉट फाउंड’ आलं तर घाबरायचं कारण नाही. अशा फाइलीला रजिस्टर करायचंच नसतं, ती नुसती शेजारी असली की पुरते.

डीएओ ३.६ साठी डीएओ३६०.डीएलएल ही फाइल प्रोग्राम फाइल्स (एक्स८६) खालच्या कॉमन फाइल्स, मायक्रोसॉफ्ट शेअर्ड, डीएओ या फोल्डरात असतेच. ४२९ येत असेल तर ती पुन्हा रजिस्टर करून बघा.

डीएओ ३.५ ची गोष्ट वेगळी. डीएओ३५०.डीएलएल विंडोजमध्ये नसते, आणि ती एकटी आणून भागतही नाही. तिच्याबरोबर एमएसजेट३५, एमएसजेआयएनटी३५, एमएसजेटीईआर३५, एमएसआरडी२एक्स३५ आणि व्हीबीएजेट३२ ही सगळी टोळी लागते. मूळ सेटअपच्या कॅबमध्ये ती असते. डीएओ३५० ही कॉमन फाइल्सच्या त्याच डीएओ फोल्डरात, बाकीच्या सिसवॉव६४ मध्ये. मात्र सिसवॉव६४ मध्ये आधीच असलेली फाइल जुन्या आवृत्तीने झाकू नका. आणि एक पथ्य: डीएओ ३.५ वर चालणारी ॲक्सेस ९७ ची एमडीबी कुणी हौसेने नव्या ॲक्सेसमध्ये उघडून ‘कन्व्हर्ट’ केली की प्रोग्राम ३३४३ देऊन कायमचा बसतो. (ॲक्सेस २०१३ पासून पुढे ९७ ची फाइल उघडतच नाही, हे एका अर्थी बरंच झालं.)

एवढं करूनही नाव न सांगणारी एरर उरली तर सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर वापरा. फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव आपल्या ईएक्सईचं, आणि रिझल्ट ‘नेम नॉट फाउंड’. शेकडो ओळी येतील आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतील, कारण विंडोज एक फाइल चार ठिकाणी शोधत चौथ्या ठिकाणी मिळवतं. एररची खिडकी येताच नोंदणी थांबवा आणि शेवटून वर वाचत जा. .डीएलएल किंवा .ओसीएक्सने संपणारी, कुठेच न सापडलेली पहिली फाइल बहुधा तीच असते.

## एसीई कधी लागतं

एसीसीडीबी फाइल असेल, किंवा कनेक्शनच्या ओळीत ‘मायक्रोसॉफ्ट.एसीई.ओएलईडीबी.१२.०’ असं लिहिलं असेल तरच. नुसत्या एमडीबीसाठी जेट पुरतं. गरज नसताना एसीई बसवल्याने प्रश्न वाढतात.

लागत असेल तर मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस डेटाबेस इंजिन, आणि तेही ३२-बिटचं. इथे अडचण ऑफिसची. आज ऑफिस सहसा ६४-बिटचं बसवलं जातं, आणि ३२-बिटचा एसीई इन्स्टॉलर त्याला बघून माघार घेतो. कमांड प्रॉम्प्टवरून २०१० च्या इंजिनला ‘/पॅसिव्ह’ किंवा २०१६ च्या इंजिनला ‘/क्वायट’ जोडून चालवलं तर तपासणी टळते आणि इंजिन बसतं, पण नंतर ऑफिस दरवेळी ‘कॉन्फिगर’ होत बसण्याचा त्रास उद्भवू शकतो. जिथे कामच या जुन्या प्रोग्रामचं आहे तिथे सरळ ६४-बिट ऑफिस काढून ३२-बिट ऑफिस बसवणं जास्त शहाणपणाचं. पत्रं आणि साधे तक्ते करणाऱ्या कचेरीला फरक कळतही नाही.

‘जेट प्रोव्हायडर नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन’ ही एरर देणारा प्रोग्राम व्हीबी-६ चा नसून डॉटनेटचा असू शकतो. ‘एनी सीपीयू’ म्हणून बांधलेला डॉटनेट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर ६४-बिट होऊन धावतो आणि जेटला मुकतो. विंडोज एसडीकेमधल्या कॉरफ्लॅग्ज साधनाने ‘/३२बिटआरईक्यू+’ देऊन ती ईएक्सई ३२-बिटला बांधता येते. आधी तिची प्रत ठेवा. आयआयएसवरची जुनी वेबसाइट असेल तर ॲप्लिकेशन पूलच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘एनेबल ३२-बिट ॲप्लिकेशन्स’ ट्रू करा.

## प्रोग्राम फाइल्समध्ये एमडीबी ठेवू नका

सगळं चालू झाल्यावर येणारा हा दोष सर्वांत घातक, कारण एरर येतच नाही. व्हिस्टापासून साधा युजर प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू शकत नाही. जुना ३२-बिट प्रोग्राम तिथे लिहू पाहतो तेव्हा विंडोज त्याला नाही म्हणत नाही. एमडीबीची एक खासगी प्रत त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात करून देतं आणि पुढच्या सगळ्या नोंदी तिथे जातात. सकाळच्या कॅशियरचं लॉगिन वेगळं, संध्याकाळच्याचं वेगळं, म्हणजे दोन डेटाबेस. मध्येच कुणी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं तर तिसरा, कारण तेव्हा मूळ फाइल उघडते. मग ‘कालच्या पावत्या गेल्या’ अशी ओरड होते. पावत्या कुठेही गेलेल्या नसतात. रोजचा बॅकअप मात्र प्रोग्राम फाइल्समधल्या, महिनोन्महिने न बदललेल्या फाइलीचा घेतला जात असतो.

उपाय: प्रोग्राम सी:\हिशेब अशा स्वतंत्र फोल्डरात हलवा. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबवर ‘युजर्स’ गटाला ‘मॉडिफाय’ची परवानगी द्या. नुसत्या एमडीबीला देऊन उपयोग नाही, कारण जेटला शेजारी एलडीबी फाइल तयार करावी आणि पुसावी लागते. हलवण्याआधी प्रत्येक युजरचं व्हर्च्युअलस्टोअर उघडून तिथल्या एमडीबीची तारीख आणि आकार पाहा. दोन प्रतींत वेगवेगळ्या नोंदी असतील तर त्या आपोआप एकत्र होत नाहीत. छापील पावत्यांवरून हाताने भरणं हाच खात्रीचा मार्ग.

## क्रिस्टल रिपोर्ट्सचा पत्ता

आरपीटी फाइलमध्ये एमडीबीचा पूर्ण पत्ता जतन झालेला असतो. प्रोग्रामरने कोडमधून तो बदलायची सोय केली नसेल तर रिपोर्ट त्याच पत्त्यावर डेटा शोधतो. डी: ड्राइव्ह नसेल तर एरर येते. आणि त्या पत्त्यावर एखादी जुनी प्रत पडून असेल तर रिपोर्ट बिनबोभाट जुनेच आकडे छापतो, हे जास्त वाईट. म्हणून जुन्या मशीनवरचाच ड्राइव्ह आणि फोल्डर नव्यावर ठेवा. डी: नसेल तर ‘सब्स्ट’ आज्ञेने सी: मधल्या फोल्डरला डी: हे नाव देता येतं. रीस्टार्टनंतर ते पुसलं जातं, तेव्हा ती ओळ बॅच फाइलीत लिहून स्टार्टअप फोल्डरात ठेवा.

फॉर्म चालतात पण रिपोर्ट २०५९९ सारखी एरर देतात, तेव्हा सीआरपीई३२ या क्रिस्टलच्या इंजिनच्या मदतनीस डीएलएल राहिल्या असाव्यात: पी२बीडीएओ, पी२सीटीडीएओ, पी२आयआरडीएओ. इंजिन त्यांना आयत्या वेळी बोलावतं, म्हणून अवलंबित्वाच्या यादीत त्या दिसत नाहीत आणि मूळ सेटअपमध्येही कधी कधी सुटलेल्या असतात. जुन्या डिस्कच्या प्रतीतून उचला.

## तारखा आणि मराठी अक्षरं

जेटच्या एसक्यूएलमध्ये दोन # चिन्हांमधली तारीख महिना-दिवस-वर्ष अशी वाचली जाते. ०५/१२ म्हणजे १२ मे. २५/१२ ला मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे जेट मुकाट्याने २५ डिसेंबर समजून घेतं. परिणामी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्याच नोंदी उलटतात आणि तेराव्या दिवशी तपासणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं. काही प्रोग्राम विंडोजच्या तारखेच्या मांडणीवरच भरवसा ठेवतात, तेव्हा नव्या मशीनची शॉर्ट डेट जुन्यासारखीच ठेवा. / च्या जागी - आलेलं असतं, तेही पाहा. चाचणी महिन्याच्या १ ते १२ मधल्या तारखेने घ्या.

मराठी नावं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेली असतील, म्हणजे सी-डॅकच्या आयएसएमचे डीव्हीबी-टीटी घराण्यातले फॉन्ट, श्रीलिपी वगैरे, तर डेटाबेसमध्ये देवनागरी नसतेच. एकेका बाइटचे संकेत असतात (बरेचसे १२८ ते २५५ मधले) आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. दोन गोष्टी सांभाळा. फॉन्ट उजव्या क्लिकने ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ करून बसवा. नुसत्या ‘इन्स्टॉल’ने तो एकाच युजरपुरता बसतो आणि जुन्या प्रोग्रामना कधी कधी दिसत नाही. दुसरं, रीजनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर बिगर-युनिकोड प्रोग्रामची भाषा इंग्रजी ठेवा आणि तिथल्या यूटीएफ-८ च्या ‘बीटा’ पर्यायाची खूण काढा. ‘मराठी नीट दिसावी म्हणून’ मराठी निवडणं किंवा ती खूण करणं नेमकं उलटं काम करतं. नुसती नावं चुकीची दिसेपर्यंत ठीक, पण त्या अवस्थेत नोंद सेव्ह केली की मूळ संकेतच बदलतात.

## एमडीबी नेटवर्कवर असेल तर

जुना एक्सपी ‘सर्व्हर’ म्हणून कोपऱ्यात ठेवायची कल्पना सोडा. तो फक्त एसएमबी-१ (फाइली शेअर करण्याची जुनी पद्धत) बोलतो आणि नव्या विंडोजमध्ये ते मुळात बसवलेलंच नसतं. एमडीबी नव्यांपैकी एका मशीनवर ठेवा. शेअरला युजर आणि पासवर्ड ठेवा, कारण विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती पासवर्डविना ‘गेस्ट’ शेअर आपोआप नाकारते. जोडणी केबलनेच करा. वायफाय क्षणभर तुटलं तरी अर्धवट लिहिलेलं पान राहून एमडीबी बिघडू शकते.

फाइल वारंवार ‘इनकन्सिस्टंट स्टेट’ म्हणत असेल तर ज्या मशीनवर ती शेअर आहे तिथे ॲडमिनिस्ट्रेटरच्या पॉवरशेलमध्ये ‘सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन -एनेबललीझिंग $फॉल्स’ द्या आणि सगळे बाहेर पडल्यावर मशीन रीस्टार्ट करा. फाइलींची देवाणघेवाण किंचित मंदावते, पण एमडीबी टिकते.

झेड: ड्राइव्ह एक्सप्लोररमध्ये दिसतो आणि प्रोग्रामला सापडत नाही, असं झालं तर प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालतोय का पाहा. मॅप केलेले ड्राइव्ह ॲडमिनिस्ट्रेटरच्या सत्रात दिसत नाहीत. फोल्डरच्या परवानग्या नीट दिल्यावर त्या खुणेची गरजच उरत नाही, ती काढून टाका.

## जेटबाहेरची मंडळी

व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चे प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर सुखाने चालतात. ईएक्सईशेजारी व्हीएफपी९आर, व्हीएफपी९आरईएनयू आणि एमएसव्हीसीआर७१ या डीएलएल ठेवल्या की बहुधा पुरतं. डेल्फी आणि पॅराडॉक्सवाल्यांना बोर्लंडचं बीडीई हे डेटाबेस इंजिन लागतं. त्याचा ॲडमिनिस्ट्रेटर प्रोग्राम उजव्या क्लिकने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॅराडॉक्स ड्रायव्हरची ‘नेट डीआयआर’ सी:\ वरून लिहिता येईल अशा फोल्डरात न्या, नाहीतर पीडीओएक्सयूएसआरएस.नेट या फाइलीवरून परवानगीची एरर येत राहते. अनेक मशीन्स असतील तर सगळ्यांची ‘नेट डीआयआर’ एकाच फोल्डरावर आणि ‘लोकल शेअर’ ट्रू.

एसक्यूएल सर्व्हर २००० किंवा एमएसडीईचा (त्याच्या मोफत आवृत्तीचा) बॅकअप आजच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये थेट चढत नाही. मध्ये २००८ किंवा २००८ आर२ ची पायरी घ्यावी लागते: तिथे रीस्टोअर, तिथून नवा बॅकअप, मग पुढे.

डॉसवरचं फॉक्सप्रो आणि क्लिपर १६-बिटचं असल्याने ६४-बिट विंडोजवर थेट चालणार नाही, आणि विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही. त्यांना डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉसप्लस. क्लिपर वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच ‘आर६००३’ म्हणजे शून्याने भागाकाराची एरर देतं, तेव्हा डॉसबॉक्समध्ये सायकल्सचा आकडा कमी करून बघा.

प्रोग्रामला डाँगल (नक्कल रोखण्यासाठी पोर्टला लावायची किल्ली) असेल आणि त्याचा ड्रायव्हर ३२-बिटचाच असेल, तर ६४-बिट विंडोज तो लोड करणार नाही. त्यावर वरचा कुठलाही उपाय चालत नाही. डाँगलच्या कंपनीचा ६४-बिट ड्रायव्हर मिळवा, नाहीतर व्हर्च्युअल मशीनकडे वळा: व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२-बिट विंडोज ७ किंवा एक्सपी, अडीअडचणीला सुरुवातीची व्हीएचडीही जोडता येते. तिथे इंटरनेट बंद ठेवायचं, डेटा रोज बाहेरच्या फोल्डरात कॉपी करायचा.

## जुनं मशीन बंद करण्याआधीची तपासणी

एमडीबीच्या प्रतीवर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ एकदा करून घ्या. ॲक्सेस नसेल तर मायक्रोसॉफ्टचं जेटकॉम्प हे साधन ते काम करतं. पासवर्ड ठाऊक असावा आणि फाइल कुठेही उघडी नसावी. ॲक्सेस २००० ते २००३ च्या एमडीबीची कमाल मर्यादा २ जीबी आहे, ९७ च्या फाइलीची १ जीबी. फाइल आपल्या मर्यादेच्या पाऊण भागापुढे गेली असेल तर जुन्या वर्षांच्या नोंदी वेगळ्या फाइलीत काढण्याचं आत्ताच ठरवा.

मग दोन्ही मशीन्सवर एकच तारीख टाकून तेरीज, एका सभासदाचा किंवा गिऱ्हाइकाचा पूर्ण खातेउतारा आणि मागच्या आर्थिक वर्षाचा शेवटचा रिपोर्ट छापा. तिन्ही कागद पैशापर्यंत जुळले पाहिजेत. नंतर नव्या मशीनवर साध्या युजरच्या लॉगिनने एक खोटी पावती भरा, प्रोग्राम बंद करा, एक्सप्लोररमध्ये एमडीबीची बदलाची वेळ बघा, दुसऱ्या युजरच्या लॉगिनने ती पावती दिसते का पाहा आणि रद्द करा. वेळ बदललेली नसेल किंवा पावती दिसत नसेल तर नोंद व्हर्च्युअलस्टोअरमध्ये गेली आहे.